इलिनॉयमधील पशुवैद्यकीचा तात्पुरता परवाना: महाराष्ट्रातील नोंदणी ‘परदेशी परवाना’ म्हणून चालेल का?

प्रश्न: फलटणची_पशुवैद्य

नमस्कार. शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून मी पदवी घेतली असून महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे माझी रीतसर नोंदणी आहे. पदवीनंतर अडीच वर्षे फलटण परिसरातील गोठ्यांवर काम केले. अडकलेली वार, कासदाह, गर्भाशयाला पडलेला पीळ आणि रात्री दोन वाजता अडलेली म्हैस हा माझा रोजचा व्यवसाय होता. कुत्र्या-मांजरांचे काम त्या मानाने थोडे झाले. लग्नानंतर यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही इलिनॉय राज्यात, शिकागोच्या एका उपनगरात राहायला आलो. यजमान नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर आहेत आणि मी एच-फोरवर, म्हणजे त्यांच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर आहे.

आमच्या मांजरीच्या निमित्ताने जवळच्या एका छोट्या दवाखान्याच्या मालक डॉक्टरांशी ओळख झाली. माझे शिक्षण कळल्यावर ते म्हणाले, की तुम्ही तात्पुरता परवाना काढा आणि माझ्या देखरेखीखाली काम सुरू करा, मला माणसाची गरज आहेच. घरी येऊन मी या राज्याचा पशुवैद्यक व्यवसायाचा कायदा उघडला. त्याच्या ११व्या कलमात तात्पुरत्या परवान्याचे दोन मार्ग दिसले. पहिला मार्ग परीक्षा दिलेल्या, पण निकाल हाती न आलेल्या पदवीधरासाठी आहे. दुसरा मार्ग दुसऱ्या राज्याच्या किंवा परदेशाच्या कायद्यानुसार परवाना असलेल्या आणि इथल्या परवान्यासाठी लेखी अर्ज केलेल्या पशुवैद्यकासाठी असून त्याची मुदत सहा महिने आहे. ‘परदेश’ हा शब्द कायद्यात चक्क लिहिलेला पाहून मला फार आनंद झाला, कारण भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाखाली झालेली माझी नोंदणी म्हणजे परदेशाच्या कायद्यानुसार मिळालेला परवानाच नव्हे काय? इंटर्नशिपच्या वर्षात आम्हालाही परिषदेकडून तात्पुरती नोंदणी मिळाली होती आणि तिच्या बळावरच आम्ही वरिष्ठांच्या नजरेखाली टाके घालायला शिकलो. इथलाही परवाना त्याच जातीचा असावा, असा माझा समज आहे.

माझा समज बरोबर आहे का, आणि असल्यास या परवान्यावर मला नेमके काय करता येईल, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. त्या डॉक्टरांना उत्तर देण्यापूर्वी खात्री करून घेण्याची इच्छा आहे.

प्रतिसाद १: परळचा_जुना_विद्यार्थी

डॉक्टर, तुम्ही कायदा स्वतः उघडून वाचलात याबद्दल आधी अभिनंदन, कारण इथे येणारे आपले बहुतेक लोक ओळखीच्या माणसाच्या ऐकीव माहितीवर वर्ष-दोन वर्षे घालवतात. मीही घालवली आहेत. मी मुंबईच्या परळ येथील महाविद्यालयाचा पदवीधर असून याच राज्यात लहान प्राण्यांची प्रॅक्टिस करतो, त्यामुळे या कलमाशी माझी चांगली ओळख आहे.

तुम्ही ज्या वाक्यात ‘परदेश’ हा शब्द वाचलात, त्याच वाक्यात थोडे पुढे एक अट आहे: अर्जदार इथला कायम परवाना मिळण्यास पात्र असला पाहिजे. सारी मेख त्या अटीत आहे. परदेशातील नोंदणीमुळे तुम्हाला तात्पुरता परवाना मागण्याची सोय मिळते, परंतु शिक्षण आणि परीक्षा यांची पात्रता त्यामुळे माफ होत नाही. ज्याची सगळी कागदपत्रे पूर्ण आहेत आणि केवळ परवाना देणाऱ्या राज्य विभागाचा निर्णय यायचा बाकी आहे, अशा माणसाला मधल्या काळात हात बांधून बसावे लागू नये, एवढाच त्या तरतुदीचा हेतू आहे. लंडनहून किंवा शेजारच्या विस्कॉन्सिनमधून आलेला, सर्व अटी पुऱ्या केलेला डॉक्टर या मार्गाने जातो. तुम्ही आज अर्ज केलात तर शुल्क जाईल आणि काही आठवड्यांनी नकाराचे पत्र येईल.

आता पात्रता म्हणजे काय ते सांगतो. अमेरिकेतील पशुवैद्यक संघटनेने, म्हणजे एव्हीएमएने, मान्यता दिलेल्या महाविद्यालयांत भारतातील एकही महाविद्यालय नाही. परळचे महाविद्यालय १८८६ सालचे असले तरी त्या वयाला इथे गुण मिळत नाहीत. त्यामुळे आपल्या पदवीला समकक्षता मिळवावी लागते आणि त्यासाठी दोन वाटा आहेत. एव्हीएमएची ईसीएफव्हीजी ही एक वाट आणि राज्यांच्या पशुवैद्यक परवाना मंडळांच्या संघटनेची पेव्ह ही दुसरी. ईसीएफव्हीजीत चार टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात पदवीची कागदपत्रे थेट महाविद्यालयाकडून पाठवावी लागतात, दुसऱ्यात इंग्रजीची परीक्षा, तिसऱ्यात बीसीएसई ही २२५ प्रश्नांची संगणकावरील परीक्षा, आणि चौथ्यात सीपीई ही तीन दिवसांची प्रात्यक्षिक परीक्षा असते. यापलीकडे नॅव्हली ही राष्ट्रीय परवाना परीक्षा असून ती अमेरिकन विद्यार्थ्यांनाही चुकत नाही. तिचे ३६० प्रश्न प्रत्येकी ६० प्रश्नांच्या सहा भागांत सोडवावे लागतात आणि त्यांतील ६० प्रश्नांचे गुण धरले जात नाहीत, पण ते कोणते हे परीक्षार्थीला कळत नाही. पेव्हची वाट निवडणार असाल, तर ज्या राज्यात काम करायचे आहे तिथे ती चालते का, हे आधी मंडळाकडून लेखी घ्यावे.

एवढे सगळे झाल्यावर तात्पुरत्या परवान्याचा प्रश्न येतो. तुम्ही इंटर्नशिपच्या नोंदणीशी केलेली तुलना इथेच अडते. आपल्याकडची ती नोंदणी शिक्षणाच्या आत असते आणि तिच्यामुळे विद्यार्थ्याला शिकता येते. इथला परवाना शिक्षण संपल्यावर, परीक्षा दिल्यावर, निकाल किंवा कायम परवाना हाती येईपर्यंतच्या फटीत मिळतो. ती फट पूर्वी मोठी होती. २०००च्या अखेरीस नॅव्हली संगणकावर सुरू झाली, त्याआधी कागदावरच्या दोन वेगळ्या राष्ट्रीय परीक्षा होत असत आणि निकालाला बराच वेळ लागत असे. आता परीक्षेचा कालावधी संपल्यावर काही आठवड्यांत निकाल येतो आणि परवान्याच्या अर्जाची छाननीही तितकेच आठवडे खाते. स्पष्ट बोलायचे तर पहिल्या मार्गाचा परवाना हातात पडेपर्यंत त्याची निम्मी उपयुक्तता संपलेली असते. तरीही दवाखाने तो काढायला सांगतात, कारण नव्या माणसाला लवकरात लवकर कामाला लावायचे असते.

मला तो मिळाला होता. त्यावर काय करता येते हे तुमच्या प्रश्नात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कायद्याची भाषा अशी आहे, की परवानाधारकाने केवळ आपल्या नोकरीच्या अनुषंगाने येणारी कामे करावीत आणि तीही एका विशिष्ट, परवानाप्राप्त पशुवैद्यकाच्या निर्देशाखाली करावीत. ‘विशिष्ट’ या शब्दावर बोट ठेवा. एका शनिवारी माझ्या देखरेखीचे डॉक्टर मुलीच्या पदवीदान समारंभासाठी परगावी गेले होते. सकाळी अकराच्या सुमारास एक ग्रेट डेन आला. पोट ढोलासारखे तट्ट फुगलेले, तोंडातून लाळेच्या तारा, उलटीचा प्रयत्न होतो आहे पण बाहेर काहीच येत नाही. जठराला पीळ पडला आहे, हे दारातूनच दिसत होते. दवाखान्यात दुसऱ्या एक परवानाधारक डॉक्टर होत्या, परंतु माझ्या कागदावर त्यांचे नाव नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे सांगितले, ‘शीर तू लाव, पण निर्णय माझे.’ मी दोन्ही पुढच्या पायांत जाड सुया लावून सलाईन सोडले, कुत्र्याला धरून ठेवले, आणि पोटात सुई घालून हवा सोडण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळे त्यांनी केले. परळच्या ओपीडीत सहा वर्षे काढलेल्या माणसाला ते गिळणे सोपे नव्हते. पण त्या बरोबर होत्या, कारण नोकरीच्या बाहेर किंवा निर्देशाशिवाय काम केल्याचे सिद्ध झाले की परवाना रद्द होतो आणि त्याची सूचना परवानाधारकाला आणि देखरेख करणाऱ्या डॉक्टरांना, दोघांनाही जाते. अशी नोंद पुढे प्रत्येक राज्याच्या अर्जात उघड करावी लागते.

आणखी दोन गोष्टी कोणी सांगत नाही. केटामीन, ब्युटॉर्फनॉल, पेंटोबार्बिटल यांसारख्या नियंत्रित औषधांसाठी डीईए या केंद्रीय खात्याची वेगळी नोंदणी लागते. तात्पुरत्या परवान्याच्या काळात तुम्ही मालकाच्या नोंदणीखाली, त्याचे कर्मचारी म्हणून, ती औषधे दवाखान्यात देऊ शकता, परंतु त्यांची चिठ्ठी लिहून देऊ शकत नाही. तसेच परराज्यात किंवा परदेशात जाणाऱ्या प्राण्यांच्या आरोग्य दाखल्यांवर सही करण्यासाठी केंद्रीय कृषी खात्याची मान्यता लागते. ती कायम परवान्यानंतरची गोष्ट आहे. या परवान्याला मुदतवाढ मिळत नाही आणि त्याचे नूतनीकरणही होत नाही.

प्रतिसाद २: कागदपत्रे_आधी

वरील प्रतिसादात पशुवैद्यकीचा भाग पूर्ण आला आहे. मी पशुवैद्यक नाही, पण एच-फोरवर सात वर्षे काढली आहेत, म्हणून एका वेगळ्याच अडथळ्याकडे लक्ष वेधते. व्यवसायाचा परवाना राज्य देते आणि नोकरी करण्याची मुभा केंद्र सरकार देते, त्यामुळे एक मिळाल्याने दुसरे मिळत नाही. एच-फोरवरील व्यक्तीला नोकरीची मुभा २०१५पासून मिळू लागली, तीही सरसकट नाही. यजमानांचा ग्रीनकार्डाच्या मार्गावरील आय-१४० अर्ज मंजूर झालेला असेल किंवा त्यांना सहा वर्षांपुढील मुदतवाढ मिळालेली असेल, तरच तुम्हाला अर्ज करता येतो. नोकरीच्या मुभेचे कार्ड हातात येईपर्यंत त्या दवाखान्यात पगारी काम करता येणार नाही. ‘मग फुकट करते’ असे म्हणण्याचा मोह होईल, मलाही झाला होता. परंतु ज्या कामासाठी इतरांना पगार दिला जातो, ते खासगी धंद्यात विनामोबदला करणेही विनापरवाना नोकरी ठरू शकते. धर्मादाय निवाऱ्यातील खऱ्या स्वयंसेवेची गोष्ट वेगळी आहे.

उद्या दवाखान्याने तुमच्यासाठी एच-वन-बीचा अर्ज केला, तर ज्या व्यवसायाला परवाना लागतो त्यात तो परवाना आधी दाखवावा लागतो. तात्पुरत्या परवान्यावरही मंजुरी मिळू शकते, परंतु मग व्हिसाची मुदत सहसा आखूड येते आणि नूतनीकरणाच्या वेळी कायम परवाना मागितला जातो. वकिलाला भेटताना राज्याच्या कायद्यातील ते कलम छापून सोबत न्या, कारण व्हिसाच्या वकिलांना पशुवैद्यकांचे खटले क्वचितच हाताळावे लागतात.

प्रतिसाद ३: यॉर्कशायरहून

विषय इलिनॉयचा आहे, पण वाचणाऱ्यांत ब्रिटनचा विचार करणारेही असतील, म्हणून थोडक्यात लिहितो. ब्रिटनमध्ये १९६६च्या पशुवैद्यक कायद्याच्या सातव्या कलमात तात्पुरत्या नोंदणीची तरतूद आहे. पशुवैद्यकांची नोंदणी करणारे रॉयल कॉलेज ती देते, पण ठरावीक जागा, ठरावीक मुदत आणि ठरावीक काम या तिन्हींची वेसण घालून देते. विद्यापीठात उच्च शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी येणाऱ्यांना तिचा उपयोग होतो. गावातल्या दवाखान्यात कुत्र्याला लस टोचायची असेल, तर आपल्या पदवीधरांना रॉयल कॉलेजची वैधानिक सदस्यत्व परीक्षाच द्यावी लागते.

एक अपवाद मात्र मी जवळून पाहिला. ब्रेक्झिटनंतर कत्तलखान्यांतील मांस तपासणीसाठी पशुवैद्यक मिळेनासे झाले, कारण ते काम करणारे बहुतेक स्पेन, रुमानिया अशा देशांतून आलेले होते. तेव्हा २०२१ साली इंग्रजीच्या चाचणीत नेहमीपेक्षा कमी गुणांवर तात्पुरती नोंदणी देण्याची सोय काढली गेली, तीही केवळ त्या तपासणीच्या कामापुरती आणि अनुभवी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. ती पुढे बंद झाली. ती चालू असताना आपल्याकडच्या काही तरुणांनी ‘इंग्लंडमध्ये कमी गुणांवर पशुवैद्यक होता येते’ एवढेच ऐकले आणि एजंटांना पैसे दिले. मूळ पदवी नोंदणीयोग्य असावी लागते, हे अर्धे वाक्य एजंटाने सांगितलेच नव्हते. तुमच्या कलमातल्या ‘पात्र असल्यास’सारखेच.

फलटणची_पशुवैद्य

सर्वांचे मनापासून आभार. ते अर्धे वाक्य मी तीनदा वाचले होते आणि तिन्ही वेळा डोळ्यांखालून निसटले, याची आता लाज वाटते आहे. यजमानांचा आय-१४० गेल्या महिन्यात मंजूर झाला आहे, त्यामुळे नोकरीच्या मुभेचा अर्ज लगेच भरते.

दोन उपप्रश्न आहेत. मालक डॉक्टरांना मी परिस्थिती कळवली, तेव्हा ते म्हणाले, ‘मग सहायक म्हणून या, काम डॉक्टरचे करा, कागदावर मी सही करीन.’ त्यांचा हेतू चांगला आहे याची मला खात्री आहे, पण हे चालते का? आणि सीपीईबद्दल कोणी प्रत्यक्ष अनुभव सांगेल का? मोठ्या जनावरांच्या भागाची मला भीती नाही.

प्रतिसाद ४: दुसऱ्या_खेपेची_पास

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते ठामपणे द्यावे लागेल, ताई. सहायकाला प्राणी धरता येतो, रक्त काढता येते, शीर लावता येते, डॉक्टरांनी सांगितलेले औषध देता येते, क्ष-किरण चित्र घेता येते. निदान करणे, आजाराचा पुढचा अंदाज सांगणे, औषध लिहून देणे आणि शस्त्रक्रिया करणे ही चार कामे करता येत नाहीत. मालकाने सही केली तरी ती कामे तुमच्या हातून झाली हे दवाखान्यातले पाच जण पाहत असतात आणि त्यांतला एखादा उद्या नाराज होऊन नोकरी सोडतो. मी पूर्वी ज्या दवाखान्यात होते तिथे हेच घडले. तक्रार मालकाविरुद्ध होती, परंतु चौकशीत माझेही नाव आले आणि खुलासा लिहिताना सात महिने झोप उडाली. तेवढ्या काळात सीपीईची एक तारीख हातची गेली. सहायकाचे काम मात्र जरूर करा. छातीवरच्या नावपट्टीवर तुमच्या नावापुढे ‘डॉक्टर’ लागणार नाही, पहिले काही दिवस टोचेल, पण भूल देण्याची इथली पद्धत, दातांची सफाई, ग्राहकाशी पैशांबद्दल आधी बोलण्याची रीत, हे सगळे तिथेच कळते.

आता सीपीई. तिचे सात भाग आहेत: भूलशास्त्र, अश्ववैद्यक, पशुधन, शवविच्छेदन, क्ष-किरण, लहान प्राण्यांचे औषधोपचार आणि शल्यक्रिया. तुम्ही म्हणता तशी गाई-म्हशींच्या भागाची भीती बाळगू नका, तिथे आपला हात कोणाही अमेरिकन विद्यार्थ्यापेक्षा सरावलेला असतो. घोडा मात्र वेगळा. फलटणला तुम्ही किती घोड्यांच्या नाकातून जठरापर्यंत नळी घातली असेल? मी आयुष्यात एकदाही घातली नव्हती. केंटकीतल्या एका तबेल्यात दोन आठवडे राहून शिकले.

मी पहिल्या खेपेला पडले ती घोड्यात नाही, भुलेत पडले. आपल्याकडे झायलाझीन-केटामीन टोचून उघड्या शिबिरात कितीही नसबंदीच्या शस्त्रक्रिया केल्या असल्या, तरी वायूच्या भुलेचे यंत्र आपल्यापैकी अनेकांनी लांबूनच पाहिलेले असते. परीक्षेत यंत्राची गळती तपासायची असते. पॉप-ऑफ व्हॉल्व्ह बंद करायचा, नळीचे तोंड अंगठ्याने दाबायचे, ऑक्सिजन सोडून दाब वीस-तीस सेंटिमीटरपर्यंत चढवायचा आणि काटा स्थिर राहतो का ते पाहायचे. हे सगळे मी बिनचूक केले. त्यानंतर व्हॉल्व्ह परत उघडायचा असतो, नाहीतर श्वास बाहेर पडायला वाट उरत नाही, फुप्फुसांवर दाब चढत जातो आणि कुत्रा काही मिनिटांत दगावू शकतो. मी तो उघडला नाही. परीक्षकांनी हात पुढे करून स्वतः उघडला, वहीत काहीतरी लिहिले, आणि त्या क्षणी मला निकाल कळला. उरलेला तास मी परीक्षा देत होते ती केवळ सवयीने. तीन किंवा त्यांहून कमी भागांत अपयश आल्यास तेवढेच भाग पुन्हा देता येतात, म्हणून वाचले. मधल्या आठ महिन्यांत सहायक म्हणून मी रोज सकाळी दवाखान्यातील दोन्ही यंत्रे तपासत असे, आणि व्हॉल्व्ह उघडताना मोठ्याने ‘उघडला’ असे मराठीत म्हणत असे. बरोबरीच्या मुलींना तो काहीतरी मंत्र वाटायचा.

तारखांची रांग लांब असते आणि शुल्क काही हजार डॉलरांत जाते, म्हणून बीसीएसई झाल्याबरोबर नाव लावा. नॅव्हलीचा अभ्यास त्या रांगेच्या काळात होतो. मीही सीपीईच्या प्रतीक्षेतच ती देऊन मोकळी झाले. क्रम असा लागल्यामुळे मला तात्पुरत्या परवान्याची गरजच पडली नाही, कारण शेवटचा कागद सीपीईचा होता आणि तो आल्यावर थेट कायम परवान्याचा अर्ज केला.

प्रतिसाद ५: नागपूरकर_प्राध्यापक

मी परदेशात गेलेलो नाही, परंतु परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची कागदपत्रे अनेक वर्षे पाहत आलो आहे, म्हणून या टोकाकडची बाजू सांगतो. महाराष्ट्र परिषदेकडील तुमची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. परदेशात गेलेले अनेक जण ती तशीच संपू देतात. पुढे एखादे राज्य मंडळ ‘तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई झालेली नाही’ असे पत्र मूळ परिषदेकडून मागते, तेव्हा नोंदणीच चालू नसल्यामुळे धावाधाव होते. गुणपत्रके आणि पदवीची पडताळणी विद्यापीठाकडून मोहोरबंद लिफाफ्यातून किंवा अधिकृत ई-मेलवरून थेट जावी लागते. विद्यार्थ्याने स्वतः पाठवलेली प्रत चालत नाही. अर्जात तुमचे नाव माहेरचे आणि पासपोर्टवर सासरचे असेल तर प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. याच एका कारणाने अडलेली किमान डझनभर प्रकरणे माझ्या टेबलावरून गेली आहेत.

तुम्ही इंटर्नशिपच्या नोंदणीचा उल्लेख केलात आणि वर त्यातील फरकही सांगितला गेला. त्यात एक भर घालतो. आपल्या १९८४च्या अधिनियमाच्या ३०व्या कलमात नोंदणीकृत पशुवैद्यकाशिवाय इतर कोणी पशुवैद्यकीचा व्यवसाय करू नये असे म्हटले आहे. त्याच कलमाच्या परंतुकात, पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्या पशुधन पर्यवेक्षकांना राज्य सरकार नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशा किरकोळ सेवांची परवानगी देऊ शकते. ‘देखरेखीखाली’ या एका शब्दावरून आपल्या राज्यात पदवीधर आणि पदविकाधारक यांच्यात किती वर्षे वाद चालू आहे, हे तुम्ही फलटणला पाहिलेच असेल. कागदावर देखरेख तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टरांची असते आणि प्रत्यक्षात गोठ्यावर पर्यवेक्षक एकटाच असतो. अमेरिकेत एव्हीएमएच्या नमुना कायद्यात देखरेखीचे तीन प्रकार पाडलेले आहेत: डॉक्टर प्राण्याजवळ, दिसण्या-ऐकण्याच्या टप्प्यात, डॉक्टर त्याच इमारतीत, किंवा डॉक्टर बाहेर, पण सूचना देऊन ठेवलेल्या आणि फोनवर उपलब्ध. मालक डॉक्टर ‘माझ्या देखरेखीखाली’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात यांपैकी कोणता प्रकार आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

फलटणची_पशुवैद्य

प्राध्यापक सर, देखरेखीचा तो शब्द वाचून हसू आले. आमच्या सोसायटीच्या दवाखान्यात देखरेखीचा अर्थ महिन्याच्या अखेरीस वहीवर होणारी सही एवढाच होता.

मालक डॉक्टरांना काल भेटून आले. डॉक्टरचे काम सहायकाच्या नावाखाली करणार नाही, हे त्यांना सांगितले. ते थोडे खट्टू झाले, पण नंतर स्वतःच म्हणाले, की त्यांनी शेवटचा तात्पुरता परवाना पाहिला तो त्यांचा स्वतःचा, १९९४ साली, आणि तेव्हा निकालाची वाट पाहण्यात सारा उन्हाळा गेला होता. आता त्या काळातला नियम आपण तसाच धरून बसलो होतो, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. नोकरीच्या मुभेचे कार्ड आल्यावर सहायक म्हणून घ्यायला ते तयार आहेत. देखरेखीचा प्रकारही विचारला. उत्तर आले, की ते किंवा त्यांच्या भागीदार इमारतीत असल्याशिवाय दवाखाना उघडत नाहीत.

ईसीएफव्हीजीचा अर्ज आज भरला. शिरवळच्या कार्यालयाला गुणपत्रकांसाठी ई-मेल केली आहे आणि आई उद्या फलटणहून एसटीने तिथे प्रत्यक्ष जाऊन येणार आहे, कारण ई-मेलपेक्षा खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाचे काम आधी होते, असे तिचे म्हणणे आहे. दुसऱ्या खेपेची पास ताई, केंटकीतल्या त्या तबेल्यात अजून कोणाला ठेवून घेतात का, हे मला व्यक्तिगत निरोपातून कळवाल का?